घाईत लुकलुकणारा इंडिकेटर: मामाचे कानमंत्र

अगं, एलईडी बल्ब बसवल्यापासून इंडिकेटर टिकटिकटिक पळत सुटलाय, एवढंच ना? मग घाबरू नकोस. गाडी बिघडलेली नाही आणि दुकानदारानंही तुला फसवलेलं नाही. गाडीला जे काम नेमून दिलंय, ते ती इमानेइतबारे करते आहे. तुझा बल्ब उडालाय अशी तिची समजूत झाली आहे आणि ते तुला कळावं म्हणून ती बोंब मारते आहे.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये हयात गेली माझी. हल्ली गॅरेजात येणारी पोरं म्हणतात, "काका, ही टिकटिक बंद करा." बंद करायला वेळ लागत नाही गं. पण गाडी काय सांगते आहे ते ऐकून घेतल्याशिवाय तिचं तोंड दाबायचं नाही, ही माझी जुनी शिस्त. तुझ्या बाबांच्या कारचे बल्ब तू स्वतः बदललेस, तुझ्या बाइकलाही हात घातलास, याचं मला कौतुकच आहे. आता पुढचं नीट ऐक.

आधी कारण समजून घे

इंडिकेटर चालू-बंद करणारी जी डबी असते ती फ्लॅशर. काहीजण तिला रिले म्हणतात. साध्या तारेच्या बल्बवर २१ वॅट लिहिलेलं असतं. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर निघतात. २१ भागिले १२ म्हणजे पावणेदोन अँपिअर. कारच्या एका बाजूला पुढचा एक आणि मागचा एक, दोन्ही २१ वॅटचे, शिवाय फेंडरवरचा ५ वॅटचा छोटा. बेरीज ४७ वॅट, म्हणजे जवळजवळ ४ अँपिअर.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच्या पोटात एक अगदी बारीक रेझिस्टन्स असतो. हा सगळा करंट त्यातून जातो आणि आतली चिप त्याच्यावर पडणारं व्होल्टेज सतत मोजत असते. मागचा बल्ब उडाला की करंट निम्म्याच्या आसपास उतरतो. ते चिपला कळतं आणि ती लुकलुकीचा वेग साधारण दुप्पट करते. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला मागचा दिवा दिसत नाही, म्हणून त्याला आतल्या आत कळवायची ही सोय. फ्लॅशर हा तुझ्या गाडीचा राखणदार आहे असं समज. त्याला दिवा दिसत नाही, करंट तेवढा कळतो.

आता एलईडी बल्ब घेतो दोन ते पाच वॅट. म्हणजे दोन्ही दिवे झकास पेटलेले असले तरी राखणदाराच्या हिशेबी बल्ब गेलेलेच. तो ओरडणारच. ही तक्रार त्याच्या परीनं रास्त आहे.

तुझ्या आजोबांच्या काळातल्या अँबॅसिडर-फियाटमध्ये गोल डबीचा फ्लॅशर असायचा. त्यात तापणारी तार किंवा पट्टी असे. करंटनं ती तापायची, वाकायची, संपर्क सुटायचा, गार झाली की पुन्हा जुळायचा. त्याला एलईडी लावला तर पट्टी तापण्याइतका करंटच मिळत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा दिवा लुकलुकतच नाही. तेव्हा जुनी गाडी कुणी दुरुस्तीला आणली आणि तक्रार 'पळतोय' अशी नसून 'लुकलुकतच नाही' अशी असली, तरी दुखणं एकच आहे हे ध्यानात ठेव.

आधी मोज, मग बोल

'फार फास्ट वाटतोय' हे मोजमाप नव्हे. घड्याळ घे, अर्ध्या मिनिटात दिवा किती वेळा पेटला ते मोज आणि दुप्पट कर. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०२ सांगतो की इंडिकेटर मिनिटाला ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकता कामा नये, आणि त्याचा रंग अंबर, म्हणजे नारिंगीकडे झुकणारा पिवळा हवा. धडधाकट गाडी साधारण ८५-९० च्या आसपास असते. तुझा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर तो नियमातही बसत नाही. शिवाय ज्या फ्लॅशरमध्ये हलणारा संपर्क आहे, तो दुप्पट वेगानं झिजतो ते वेगळंच.

डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी मोज. दोन्ही बाजूंना एलईडी आहेत आणि दोन्ही सारख्याच पळतात, तर शंका लोडवर, म्हणजे दिवे ओढतात त्या करंटवर, घ्यायची. एकच बाजू पळत असेल तर थांब. तिथं खरोखरच काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त.

जुना बल्ब फेकून देऊ नकोस

लोक बल्ब बदलतात आणि जुना कचऱ्यात टाकतात. मग टिकटिक सुरू झाली की मेकॅनिक शोधत गावभर हिंडतात. काखेत कळसा नि गावाला वळसा. अगं, तपासणीचं सगळ्यात खात्रीचं हत्यार म्हणजे तो जुना बल्बच.

एलईडी काढ आणि त्याच होल्डरमध्ये जुना बल्ब परत बसव. पुढचा आणि मागचा दोन्ही. वेग लगेच ठिकाणावर आला, तर दुखणं लोडचंच आहे. पुढचे उपाय तुझ्यासाठीच. पण जुने बल्ब लावूनही टिकटिक तशीच राहिली, तर एलईडीचा काही दोष नाही. मग हे बघ:

बल्ब काचेतून नीट न्याहाळ. तार तुटलेली किंवा काच आतून काळी-चंदेरी पडलेली असली तर तो संपलाय. २१ वॅटच्या जागी कुणी १० वॅटचा बसवला नाही ना, तेही त्याच्या पितळी टोपीवरचं कोरीव वाचून पाहा. मग होल्डरमध्ये डोकाव. हिरवट-पांढरी पूड दिसली तर तो गंज आहे. कोकणातल्या, खाऱ्या वाऱ्यातल्या गाड्यांना हे हमखास. बारीक पॉलिश पेपरनं तो काढ आणि होल्डरच्या तळाची पितळी पट्टी हलकेच वर उचल. ती बसली की बल्ब आत राहूनही टेकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थ, करंटची बॅटरीकडं परतायची वाट. मागच्या दिव्याचा अर्थ कच्चा असेल तर एक खूण लगेच दिसते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवा थरथरतो. करंटला घरी जायची वाट सापडत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून जातो. मल्टिमीटर असेल तर जुना बल्ब पेटता ठेवून होल्डरची अर्थची बाजू आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यातलं व्होल्टेज मोज. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट काढ, खालचा रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत कर, आणि मगच आवळ.

हे न करता थेट लोड वाढवणारा रेझिस्टर लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

फ्लॅशर कुठं आहे ते हातानं शोध

इंडिकेटर चालू कर आणि कान लाव. कारमध्ये टिकटिक बहुधा स्टिअरिंगखालून किंवा फ्यूज बॉक्सच्या बाजूनं येते. एकेका डबीवर बोट ठेव. जी बोटाखाली ठोका देते ती तुझी. बाइकमध्ये ती टाकीखाली, सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागं रबरी पट्ट्यात अडकवलेली असते. स्कूटरमध्ये पुढच्या पॅनलच्या आत.

कुठल्याच डबीत ठोका लागला नाही आणि आवाज मीटरमधून किंवा स्पीकरमधून आल्यासारखा वाटला, तर गाडी नव्या पिढीची आहे. तिच्यात वेगळा फ्लॅशर नसतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा कॉम्प्युटर दिवे चालवतो आणि ती टिकटिक तो नुसती ऐकवतो. अशा गाडीत बदलायला डबीच नाही, त्यामुळे रस्ता वेगळा. तो पुढं सांगतो.

डबी निघत असेल तर डबीच बदल

वेगळा फ्लॅशर असेल तर दुसरा विचार करू नकोस. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो तो आण. तो करंट किती आहे ते बघतच नाही, ठरलेल्या वेगानं चालू-बंद करत राहतो. त्याच्यावर ०.०२ ते २० अँपिअर असं काहीतरी छापलेलं असतं. खालचा आकडा जितका लहान, तितक्या कमी करंटवर तो चालतो. पुण्याला गेलीस तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल. जुनी डबी मात्र सोबत ने.

सोबत का, तर पिनांमुळे. दोन पिनांच्या डबीत एक 'बी', म्हणजे बॅटरीकडून येणारी, आणि एक 'एल', म्हणजे दिव्यांकडं जाणारी. तीन पिनांच्या डबीत तिसरी 'ई', म्हणजे अर्थ. काही डब्यांवर अक्षरांऐवजी जर्मन पद्धतीचे आकडे असतात: ४९ म्हणजे येणारी, ४९ए म्हणजे जाणारी, ३१ म्हणजे अर्थ. आता गोम अशी की तीन पिना सगळ्या डब्यांत एकाच जागी नसतात. कपलरमध्ये डबी घट्ट बसली म्हणजे ती बरोबर बसली असं नाही. 'बी' आणि 'ई' ची अदलाबदल झाली तर नवी डबी पहिल्याच स्विचला जळू शकते.

म्हणून जुनी डबी काढल्यावर रिकाम्या कपलरमध्ये आधी तपास. चावी चालू कर. मल्टिमीटरची काळी सळई बॉडीला, लाल सळई एकेका खाचेत. जिथं १२ व्होल्ट आले ती 'बी'. चावी बंद करून मीटर रेझिस्टन्सवर घे. बॉडीशी जवळपास शून्य दाखवणारी ती 'ई'. मात्र इंडिकेटरचा स्विच मधोमध असू दे, नाहीतर दिव्याकडची वायरही तुला फसवेल. उरलेली 'एल'. एवढं कागदावर लिही आणि नव्या डबीवरच्या खुणांशी ताडून मगच बसव.

काही डब्यांवर वेग कमी-जास्त करायला बारीक स्क्रू असतो. ८५-९० वर लाव आणि सोड. मित्रमैत्रिणींना गंमत दाखवायला तो फिरवत बसायचं नाही.

रेझिस्टर लावायचाच तर अक्कल लावून

डबी नसलेल्या गाडीत लोक लोड रेझिस्टर लावतात. सोनेरी ॲल्युमिनियमची बोटभर वडी असते, दोन्ही अंगांना पन्हळी आणि स्क्रूसाठी भोकं. अंगावर ५०डब्ल्यू ६आरजे असं काही छापलेलं. ५०डब्ल्यू म्हणजे ५० वॅट, ६आर म्हणजे ६ ओहम आणि शेवटचं 'जे' म्हणजे पाच टक्के इकडंतिकडं.

६ ओहमच का? गणित सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १४४ भागिले २१ म्हणजे साधारण ७ ओहम. म्हणून २१ वॅटच्या बल्बच्या जागी ६ किंवा ८ ओहम चालतो. पण तुझ्या बाइकचे बल्ब १० वॅटचे आहेत ना? मग १४४ भागिले १० म्हणजे १४ च्या वर. तिथं कारचा ६ ओहमचा रेझिस्टर लावलास तर मूळ बल्बाच्या दुपटीहून जास्त करंट ओढशील. बारीक वायरी आणि बारीक स्विच, त्यांच्यावर हा अत्याचार कशाला? बाइकला डबी बदलणंच बरं.

आणि तुझ्या मोठ्या काकांच्या ट्रकला तर हा रेझिस्टर चुकूनही दाखवू नकोस. मोठे ट्रक, बस बहुधा २४ व्होल्टवर चालतात. इंजिन चालू असताना २८ व्होल्टपर्यंत जातं. २८ चा वर्ग ७८४, भागिले ६ म्हणजे १३० वॅट. ५० वॅटच्या वडीतून १३० वॅट जाणार म्हटल्यावर पुढचं सांगायला नको.

आता जोडणी. रेझिस्टर दिव्याला समांतर लावायचा. म्हणजे एक टोक इंडिकेटरच्या वायरला, दुसरं अर्थला. वायर तोडून मध्ये घालायचा नाही. मध्ये घातलास तर फ्लॅशरला कळणारा करंट वाढणारच नाही, टिकटिक तशीच राहील आणि वर एलईडीच्या वाट्याचं व्होल्टेज घटेल. इंडिकेटरचीच वायर धरलीस ना, हे दिवा लुकलुकताना टेस्ट लॅम्प लावून पक्कं कर. ब्रेकच्या वायरला लागला तर ब्रेक दाबून सिग्नलला उभी राहशील तेवढा वेळ तो तापत राहील.

किती लावायचे? फक्त मागचे बल्ब बदलले असतील तर प्रत्येक बाजूला मागं एक. पुढचे-मागचे दोन्ही बदलले असतील आणि गाडी प्रत्येक दिवा वेगळा तपासत असेल, तर दिव्यागणिक एक. आधी एक लावून बघ, वेग ठिकाणावर आला तर दुसरा नको.

सगळ्यात मोठी गोष्ट उष्णतेची. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ च्या आसपास असतं. ६ ओहममधून २.३ अँपिअर जातात आणि पेटलेल्या क्षणाला ३२ वॅटची उष्णता निघते. दिवा निम्मा वेळ बंद म्हणून सरासरी १६ वॅट धर. बोटाएवढ्या तुकड्यात एवढी उष्णता म्हणजे हात लावलास तर फोड येईल. आणि ५० वॅट हा आकडा तो जाड पत्र्यावर स्क्रूनं घट्ट आवळलेला असेल तेव्हाचा. हवेत लोंबकळत ठेवला तर त्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते.

म्हणून तो बॉडीच्या पत्र्यावरच आवळायचा. बंपरच्या प्लॅस्टिकला नाही, दिव्याच्या डब्याला नाही, कार्पेटखाली नाही आणि वायरिंगच्या जुडग्याला झिपटायनं बांधून तर मुळीच नाही. डिकीच्या आतल्या फोमला चिकटवलेले रेझिस्टर मी काढले आहेत. फोम तपकिरी पडून कुरकुरीत झालेला, शेजारच्या वायरचं प्लॅस्टिक सुरकुतलेलं. मालकाला वास यायचा, पण तो एसीला दोष देत होता.

हॅझार्ड लावून गाडी तासभर उभी राहिली की चारी रेझिस्टर एकदम तापतात, हेही लक्षात घे. पावसात घाटातून हॅझार्ड लावून गाडी चालवायची जी खोड लोकांना लागली आहे, ती तशीही वाईट. चारही दिवे लुकलुकत असले की तू डावीकडं जाणार की उजवीकडं, हे मागच्याला कळतच नाही.

'एरर फ्री'च्या लेबलाला भुलू नकोस

बाजारात कॅनबस, एरर फ्री असं छापलेले एलईडी मिळतात. त्यांच्या पोटातच थोडा जास्तीचा लोड असतो. पार्किंगच्या ५ वॅटच्या दिव्याला ते चालून जातात. पण २१ वॅटचा आव आणायचा तर तेवढी उष्णता त्या इवल्याशा बल्बातच जिरवावी लागते. मग एक तर ते तेवढा करंट घेतच नाहीत आणि टिकटिक कायम राहते, किंवा घेतात आणि स्वतः भाजून मरतात. एलईडीला उष्णतेचं वावडं असतं.

काही गाड्यांत डायग्नोस्टिक मशीन जोडून दिवे चालवणाऱ्या कॉम्प्युटरला 'इथं एलईडी आहे' असं सांगता येतं. तुझ्या गाडीत ते होत असेल तर तोच सगळ्यात स्वच्छ उपाय. ना उष्णता, ना वायरची कापाकापी. पण जाणकाराकडूनच करून घे. आणि गाडी वॉरंटीत असेल तर वायरला ब्लेड लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचार.

बाइकचे चारही दिवे एकदम लुकलुकले तर

हा प्रकार ऐकून लोक चक्रावतात. चौघांनाही एलईडी लावले, फ्लॅशर बदलला, डावा इंडिकेटर दिला आणि उजवेही लागले. फ्लॅशर खराब समजून दुसरा आणतात. तोही तसाच.

दोष मीटरमध्ये आहे. बऱ्याच बाइकना डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच हिरवा दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. डावं पेटलं की करंट त्या हिरव्या दिव्यातून उजव्या बल्बांकडं जातो आणि तिथून अर्थला. तारेच्या बल्बना एवढ्या चिमूटभर करंटनं काही होत नाही, ते पेटत नाहीत. एलईडीला तेवढाही पुरतो.

उपाय दोन डायोडचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १एन४००७ माग. पुण्यात तपकीर गल्लीत हे किरकोळीत मिळतात. काळ्या दंडगोलाच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते, करंट त्या दिशेनंच बाहेर पडतो. एका डायोडचं बिनपट्टीचं टोक डाव्या वायरला, दुसऱ्याचं उजव्या वायरला. दोन्हींची पट्टीची टोकं एकत्र करून हिरव्या दिव्याच्या एका टोकाला. हिरव्या दिव्याचं दुसरं टोक अर्थला. आता डावीकडचा करंट उजवीकडं जाऊच शकत नाही. हे काम केल्यावर माणूस गाडीकडं आणि तुझ्याकडं आळीपाळीनं बघतो, तो आनंद तू एकदा घेच.

बल्ब घेताना

इंडिकेटरचे बल्ब दिसायला सारखे, पण टोपीवरच्या बारीक खुंट्या, म्हणजे कानी, वेगळ्या. एकाच्या दोन्ही कानी बरोबर समोरासमोर असतात. दुसऱ्याच्या, म्हणजे स्वच्छ काचेमागं लागणाऱ्या पिवळ्या बल्बच्या, जराशा एका अंगाला सरकलेल्या. मुद्दामच, म्हणजे पिवळ्याच्या जागी पांढरा बसू नये. कानी कानशीनं घासून तो आत दाबणारे महाभाग आहेत. तू त्यांच्यातली होऊ नकोस. दोन संपर्कांचा बल्ब ब्रेक आणि पार्किंगचा, तोही इथं बसवायचा नाही.

रंग अंबरच घे. काच पिवळी असली तरी एलईडी अंबर हवा. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा भाग मोठा असतो, पिवळी काच तो गाळून टाकते आणि दिवा फिका पडतो. काचेच्या चपट्या बुंध्यासारखा, खोचायचा बल्ब असेल आणि तो पेटला नाही, तर काढून उलटा फिरवून खोच. एलईडीला प्लस-मायनस कळतं.

मग भर दुपारी गाडी उन्हात लाव आणि वीस पावलं मागं जाऊन बघ. रिफ्लेक्टर बनवलेला असतो तारेच्या एका बिंदूसाठी. एलईडीचा उजेड भलत्याच जागेवरून निघत असेल तर जवळून डोळे दिपतात आणि लांबून काहीच दिसत नाही. दिव्याला मंजुरीही ठरावीक प्रकारच्या बल्बसकटच मिळालेली असते. तेव्हा उन्हात दिसत नसेल तर बल्ब परत कर, दाम दुप्पट दिले असलेस तरी.

आणि खरं सांगू? इंडिकेटरला एलईडी लावून पेट्रोल वाचत नाही. इंडिकेटर दिवसातून पेटतोच किती! खरा फायदा ब्रेकच्या दिव्याला आहे. तारेचा बल्ब पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी तत्काळ पेटतो. ताशी ९० किलोमीटरनं मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात ५ मीटर कापते. ब्रेकचा दिवा फ्लॅशरमधून जात नाही, त्यामुळे टिकटिकीचा प्रश्नही नाही.

जोड असा कर की पुन्हा बघायला नको

वायरवर चिमटा दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे जोड मिळतात. झटपट काम होतं, पण दोन पावसाळ्यांत आत पाणी शिरून तांबं काळं पडतं. त्यापेक्षा वायर सोल, पीळ दे, सोल्डर कर आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह चढव. स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवायची असते, हे सगळ्यांना नंतर आठवतं. जोड खाली लोंबू देऊ नकोस, पाणी तिथंच साठतं.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोड. फ्यूज उडाला तर जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घाल. १० च्या जागी २० चा घालणं किंवा तार गुंडाळणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आता राखणदारी तुझ्याकडं आली

शेवटचा कानमंत्र बाकी सगळ्यांहून मोठा. एलईडीचा फ्लॅशर लावलास काय, रेझिस्टर लावलास काय, दोन्हींत एक गोष्ट सारखीच होते. यापुढं दिवा खरोखर गेला तरी टिकटिक वाढणार नाही. आतला हिरवा बाण पूर्वीसारखाच शांतपणे लुकलुकत राहील आणि मागचा दिवा कधीच मेलेला असेल. उजवीकडं वळताना मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तू सरळ निघाली आहेस असंच वाटेल.

तेव्हा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, हॅझार्ड लाव आणि गाडीभोवती एक फेरी मार. पुढचे दोन, मागचे दोन, फेंडरवरचे दोन. एलईडीच्या दहा ठिपक्यांतले तीन विझले असतील तर तोही बल्ब बदल, सगळे जायची वाट बघू नकोस. रेझिस्टर लावले असशील तर महिन्यातून एकदा त्यांचे स्क्रू आणि शेजारच्या वायरी बघ. मूळ बल्बांचा जोड डिकीत टूलकिटबरोबर ठेव, वाटेत एलईडी गेला तर तोच कामाला येतो.

एवढी फेरी मारायचा कंटाळा असेल, तर एलईडीच्या नादी लागू नये. २१ वॅटचा जुना बल्ब स्वस्त आहे, कुठल्याही गावात मिळतो, आणि उडाला की गाडी स्वतःहून सांगते.